वन्संचा सैल हात

मेडिकलच्या काउंटरवर वन्संच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली होती, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "गोळ्या राहू देत," एवढंच म्हणाले. आणि मग, "घरी ये." दुकानदारानं गोळ्या पाकिटात भरल्याही होत्या. मी म्हटलं, नकोत. चिठ्ठी उचलली आणि निघाले.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई म्हणून उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर मंगळवार पेठेत आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरींना स्वतःला वाचवायला शिकवू लागल्या. कराटेचे पांढरे कपडे नाहीत, कमरेला पट्टे नाहीत. शिकवणं एकाच गोष्टीचं, हात सैल सोडून मारायचं. मूठ आवळली की खांदा आखडतो आणि खांदा आखडला की हात उशिरा पोचतो, असं त्यांचं म्हणणं. कमरेतून वळायचं आणि उघडा तळहात, ओला टॉवेल झटकावा तसा, समोरच्याच्या कानाखाली झटकून द्यायचा. नवी पोरगी आली की तिचं मनगट उचलायच्या आणि एकदम सोडून द्यायच्या. हात धपकन मांडीवर पडला तर "शाब्बास!" तसाच हवेत राहिला तर पोरीची शंभरी भरली म्हणून समजा.

माझा हवेतच राहायचा. मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. "अगं, धरून कशाला ठेवलाईस? कोन पळवून न्हेनार हाय व्हय तुजा हात?" पोरी फिदीफिदी हसायच्या. मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. "वन्सं, सकाळपास्नं भाकऱ्या थापून खांदा गेलाय माझा. तुम्ही थापा, मग बघू किती सैल राहतोय." तर म्हणाल्या, "भाकरी थापताना सैलच असतोय की! तितं जमतंय, हितं का न्हाय?" कपाळ माझं!

गडमुडशिंगी गावची एक पोरगी यायची, तोंडातून शब्द फुटायचा नाही तिच्या. कॉलेजला वडापच्या, माणसं कोंबून भरलेल्या जीपमधून येताना एक बाप्या रोज अंगाला अंग घासायचा. एक दिवस तिनं हात सैल सोडला. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली, आणि सांगताना हसतेय का रडतेय तेच कळेना. "बाई, जोरात मारलंच न्हाय ओ मी. आपोआप गेला हात. पावणं थेट खालीच बसलं की!" त्या दिवशी वन्संना जेवण गेलं नाही. फार आनंद झाला की त्यांचं असंच व्हायचं.

मागच्या वर्षी एका सकाळी केस विंचरताना त्यांच्या हातातून फणी पडली. उचलायला वाकल्या आणि त्याही पडल्या. अर्धांगवायू... उजवी बाजू गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचं मनगट उचललं आणि सोडून दिलं. हात धपकन गादीवर पडला. डॉक्टरांनी मान हलवली आणि मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढं तोही सैलपणा राहिला नाही. हात आखडत गेला. कोपर छातीशी, मूठ गच्च, बोटं अशी रुतायची की नखांनी तळवा सोलून निघायचा. रोज सकाळी मी कोमट पाण्यात एकेक बोट उकलायची आणि आत सुती कापडाची गुंडाळी ठेवायची. त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, गुणी होती बिचारी, पण रोज म्हणायची, "काकू, हात सैल सोडा." मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची. वन्सं जीव तोडून प्रयत्न करायच्या आणि जितका जोर लावायच्या तितकी मूठ आणखी आवळायची. एकदा ती गेल्यावर जड जिभेनं म्हणाल्या, "माजाच हात... माजं ऐकंना गं." कुणाला मारायचं राहिलं नव्हतं आता त्यांना. ती मूठ आपली आपण उघडलेली तेवढी बघायची होती. "एकदा उगडली... की बास." मी म्हणायची, उघडंल की वन्सं. पोरी सुरवातीला भेटायला यायच्या. वन्सं मूठ पदराखाली लपवायच्या. मग पोरी यायच्या थांबल्या, आणि वन्संनी मुठीचं बोलणंही सोडलं.

आता भेटायला येणारा जो तो म्हणतो, सुटल्या बिचाऱ्या. डोंबलाच्या सुटल्या! काही सुटलं नाही. एवढ्या पोरींचे हात ज्या बाईनं मोकळे केले तिला स्वतःचं एक बोट सरळ करता येऊ नये, हा कुठला न्याय? देवाला विचारून झालं, भांडून झालं.

त्या दिवशी मेडिकलमधून घरी पोचले तेव्हा शेजारणींनी पाणी तापवून ठेवलं होतं. शेवटची आंघोळ घालायला मी बसले. सवयीनं आधी उजवा हात घेतला, पाणी ओतलं आणि बोटं उकलायला गेले... उकलावी लागलीच नाहीत. पाचही बोटं अलगद उघडली. कापडाची गुंडाळी घरंगळून पाण्यात पडली. "बघा की, कसा मोकळा झाला हात," शेजारीण म्हणाली. मी वन्संच्या तोंडाकडे बघितलं. डोळे मिटलेले होते. ज्यांना ती मूठ उघडलेली बघायची होती त्यांनी बघितलीच नाही. बाहेरून ह्यांनी हाक मारली, "आवरलं का?" मी म्हटलं, "न्हाय," आणि तो उघडा हात मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.