गुडघ्याचा नवस

नवस बोलणाऱ्यांना मी मनातल्या मनात हसत असे. तरी निवड सामन्याच्या आदल्या दिवशी औदुंबरला दत्ताच्या पादुकांपुढे हात जोडून उभी राहिले, कारण डावा गुडघा आता माझं ऐकत नव्हता. मी एका सरकारी खात्याच्या हॉकी संघात बचावफळीत खेळते. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलरेषेवरून सगळ्यात आधी चेंडूच्या अंगावर धावून जायचं काम माझं. त्यात नडगी, गुडघे शेकून निघायचेच. पण आमच्यात दुखणं मुक्कामाच्या खोलीत बोलायचं, मैदानावर नाही. लंगडताना दिसलात की जागा दुसरीची झाली. म्हणून गोळ्या घेऊन, गुडघ्याला पट्टा आवळून सराव रेटला होता आणि कुंडलला घरी आल्यावर आईलाही ताकास तूर लागू दिली नव्हती.

देवाला एवढंच म्हटलं, उद्यापुरतं दुखू देऊ नकोस. पट्ट्याला चामड्याची वादी होती. चामडं देवळात न्यायचं नाही, म्हणून सवयीनं तो चपलांपाशीच काढून ठेवला होता. प्रदक्षिणेतही माझी चाल सरावातलीच. पुढे एक आजी खांबांना धरत चालल्या होत्या.

"आवं आजी, जरा वाट द्या की," मी म्हटलं.

त्या वळल्या. "देवाच्या दारात बी शर्यत व्हय गं? आन् पाय तर फरफटतोय. लय दुखतंय?"

"न्हाई, काय न्हाई."

"दुखतंय म्हणाय लाज वाटती व्हय? धर हात. मला घाटावर जायचंय."

खरं तर मला राग आला होता, पण म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यांचा हात धरून नदीच्या पायऱ्या उतरू लागले आणि मध्येच गुडघा आतून निसटला. मी खाली कोसळलेच असते. आजींनी माझं मनगट असं आवळलं की मी जागीच बसले. इतका वेळ त्यांना सांभाळतेय अशा थाटात मी होते.

"आता तरी कुणाला सांगशील का?" त्या म्हणाल्या.

तिथूनच प्रशिक्षकांना फोन लावला आणि बोलता बोलता रडू कोसळलं. मान वर केली तेव्हा आजी कुठेच नव्हत्या. त्यांचं नावगावही विचारायचं राहून गेलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लिगामेंट अर्धं फाटलंय, उद्या धावली असतीस तर पुरतं तुटलं असतं. त्या हंगामात माझी जागा माझ्याच खोलीतल्या मुलीला मिळाली. वाईट वाटलं, पुष्कळ वाटलं. पुढच्या हंगामात मी परतले.

त्या आजी कोण होत्या, यावर मी वाद घालत नाही. आई म्हणते दत्तच आला, आणि हात जोडते; मीही जोडते. अजून समोरच्यांना कॉर्नर मिळाला की मास्क चढवून गोलरेषेवर उभी राहते आणि गुडघा ठणकत असतो. दुखू नये असं आता मागत नाही. दुखायचं तेवढं दुखू दे, देवा, फक्त मनगट सोडू नकोस.