जाळीवर वाढवलेला नारळ

भुकूमला रस्त्याकडेच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा एक वर्ग चालतो. एकसष्टाव्या वर्षी मी तिथं नाव घातलं, आणि मी तिथं कुणालाच नको आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

अकरा पोरं आणि मी. शिकवणारे सर माझ्या धाकट्या लेकाहून लहान. म्हणाले, "आजी, कुणाला सोडायला आलात?"

म्हटलं, "सोडायला न्हाई, शिकायला आलेय."

सगळे हसले. हसा म्हटलं, बाबांनो. मी सातवी शिकलेली, खरं आहे. पण आमच्या खोल्यांत हिंजवडीला नोकरीला जाणारी भाडेकरू मंडळी राहतात, त्यांची शेगडी म्हणा, इस्त्री म्हणा, मिक्सर म्हणा, बिघडलं की माझ्याच ओट्यावर येतं. कुणी शिकवलं नाही. एक बिघडवायचं, त्यातनं दोन दुरुस्त करायची, असं करत इथवर आले.

मग वर्गाचा कागद कशाला हवा? तर जवळच्या नव्या सोसायटीत इंटरकॉम आणि कॅमेरे बघायला माणूस हवा होता. तिथले सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, काम येतं तुम्हाला, पण सर्टिफिकेट दाखवा, त्या दिवशी कामावर घेतो." आणि सर्टिफिकेट प्रात्यक्षिक परीक्षेशिवाय मिळत नाही. त्या एका परीक्षेसाठी मी चार महिने तो छळ सोसला. हो, छळच. तीन पायांवर डुगडुगणारं स्टूल मला. व्होल्टेज मोजायचा मीटर माझ्याकडे सगळ्यात शेवटी यायचा, तोवर वर्ग सुटायची वेळ. सर फळ्यावर इंग्रजीत लिहायचे, अर्थ विचारला तर म्हणायचे, "घरी नातवाला विचारा." माझा नातू चार वर्षांचा.

अशात खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा. टेबलं मांडली, मीटरांना झेंडू वाहिला. मधोमध वर्गाचा मोठा पॉवर सप्लाय, म्हणजे हवा तेवढा व्होल्टेज देणारा लोखंडी डबा. वरून हवा जायला जाळी. अख्खी परीक्षा त्याच्यावरच व्हायची. हळदीकुंकू मी लावलं, कारण ते बायकांचं काम! नारळाला हात घातला तसा पुढच्या बाकावरचा एक दाढीवाला म्हणाला, "आज्जी, हिकडं द्या. बायांनी नारळ वाढवायचा नसतो."

सर म्हणाले, "बरोबर आहे, रीत आहे ती."

माझं डोकंच फिरलं. मीटर शेवटी, स्टूल मोडकं, आता नारळसुद्धा नाही? "चटणीला रोज कोन फोडतं रं तुज्या घरी? तुझा बाप?" म्हटलं आणि हातोडी उचलली.

"खाली नको! नव्या टाइल्स आहेत!" सर ओरडले. म्हणून टेबलावरच, त्या डब्याच्या वर नारळ धरला आणि रागाच्या भरात असा घाव घातला की नारळाची तीन शकलं झाली. पाणी पुढच्या पोरांच्या अंगावर आणि बाकीचं सरळ त्या जाळीत. मी पदराने वरवर पुसलं. खोबरं सगळ्यांनी खाल्लं. सरांनी दोनदा मागून घेतलं.

दसऱ्याची सुट्टी झाली, वर्ग भरला, सरांनी बटण दाबलं आणि फट्! करपल्याचा वास.

"बघितलंत?" सर माझ्याकडे वळले. "म्हणून रीत असते."

"बाईच्या हातनं वाढवला ना," दाढीवाला.

सरांनी परीक्षेची यादी काढली आणि सगळ्यांदेखत माझ्या नावावर लाल रेघ ओढली.

मी उठले. "सर, चूक माझीच हाय. पन बाई असल्याची न्हाई, जाळीवर नारळ धरल्याची. पाण्याला बाईमाणूस कळत न्हाई. मी उघडते डबा."

"हात लावायचा नाही."

"मग तुमी उघडा."

त्यांनी पुण्याच्या दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. तिकडून पंधरा दिवस सांगितले, परीक्षा तर शुक्रवारी. मग पोरांचेही चेहरे उतरले. सर दात खाऊन म्हणाले, "परवापर्यंत चालू झाला तर बसा परीक्षेला. नाही झाला तर या वर्गाची पायरी पुन्हा चढायची नाही."

मी प्लगची पिन काढली, आतला साठलेला करंट उतरवला, झाकण उघडलं. आत मुंग्यांची रांग! गोड पाणी वाळून चिकट झालं होतं आणि मुंग्यांनी ते शोधलं होतं. आमच्यापैकी कुणी आत डोकावलंसुद्धा नव्हतं. टूथब्रशने, स्पिरिटने सगळं घासलं, वाळवलं, फ्यूज बदलला. मग घरून नेलेला साधा बल्ब वायरीत मध्ये जोडला. आत अजून शॉर्ट असला तर बल्ब भगभगीत पेटतो, नसला तर क्षणभर लुकलुकून मंद होतो.

"हा काय गावठी प्रकार?" सर.

"तुमच्या पुस्तकात न्हाई, माझ्या घरात हाय."

बटण दाबलं. बल्ब भगभगीत पेटला. पोरं फिदीफिदी हसली. सर म्हणाले, "झालं! आवरा आता."

मी आवरलं नाही. त्या दिवशी नाही सापडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पंख्यामागे एक टिचभर डायोड, करंट एकाच बाजूला जाऊ देणारा तुकडा, जळलेला सापडला. तो बदलला, पुन्हा बटण. बल्ब लुकलुकला आणि मंद झाला. मग बल्ब काढून डबा थेट जोडला, चोवीस व्होल्टवर ठेवून मीटर लावला: बरोबर चोवीस. सरांनी वाकून आकडा बघितला, म्हणाले, "टेबल पुसा." यादी काढून लाल रेघेखाली माझं नाव पुन्हा लिहिलं, ते असं बारीक की चष्म्यातूनही दिसू नये.

परीक्षा झाली, पास झाले. सर्टिफिकेट सरांनी टेबलावरून सरकवलं, हातात नाही दिलं. "येत जा कधी," म्हणावं लागतं म्हणून म्हणाले.

"येईन की, पुढल्या खंडेनवमीला," मी म्हटलं. "नारळ मीच वाढवनार. पन खाली, दुकानाच्या पायरीवर."

दाढीवाला हसला. सर हसले नाहीत, मीही नाही. कागद पिशवीत घातला आणि तशीच सोसायटीच्या गेटवर गेले.