फोटोमागची पेन्सिल

आमच्यासारख्या समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांची जुनी पत्रं, फोटो जपणारं हे छोटं ग्रंथालय. रविवारी मी इथे पुस्तकं पुसायला येतो. आज ते चालवणाऱ्या नंदाताई एका जुन्या फोटोमागे पेन्सिलनं दोन पुरुषांची नावं लिहीत होत्या. मला राहवलं नाही.

"ताई, पेननं लिहा की. पेन्सिल कुणीही खोडेल."

"वेड्या, शाई फोटो खाते. पेन्सिल टिकते." मग हसल्या. "तुझा नि सुरेशचा फोटो कधी देतोस? का नुसती धूळच झटकणार?"

आमचा फोटो महिनाभर खिशात होता. माझा जोडीदार सुरेश तयार होता, अडलो होतो मी. लांब गोंदियाकडे घरी कळलं तर? सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून आपलं नाव कुठं लिहायचं म्हटलं की मी टाळतो. पण घरं ताईंच्या फोटोतल्या त्या दोघांनाही असणारच की. त्यांनी फोटो दिला म्हणून तर मला कळलं, आपल्याआधीही कुणी होतं. केवढे उपकार हे!

मी खिशातला फोटो काढून उलटा केला, ताईंची पेन्सिल घेतली. सुरेशचं नाव लिहिलं, माझं नाव, खाली गाव.

"फार दाबू नकोस रे, पुढच्या बाजूला उमटेल."

"उमटू दे, ताई."