गेरूच्या दोन रेघा

आमच्या घराण्याचा धंदा कापड रंगवण्याचा. धंदा केव्हाच बसला, पण म्हैसुरात आमचं घर अजून रंगाऱ्यांचंच म्हणून ओळखतात. कुणाला नागीण उठली की लोक गेरू लावून घ्यायला आमच्याच दारात येतात. कन्नडमध्ये तिला सर्पसुत्तु म्हणतात, सापाचा विळखा. तिचं तोंड आणि शेपूट भेटलं की माणूस जातो, अशी समजूत. म्हणून फोडांवर गेरूचा जाड लेप द्यायचा. सासूने शिकवलं, मी पुष्कळांना दिला.

घरात मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी विधवा. रंगाच्या कढयांखाली लाकडं जाळून दोघींच्या छात्या कायमच्या बिघडल्या. दोघींचे श्वासाचे पंप खिडकीत शेजारी शेजारी असतात. तिचा दम जास्त उसळतो, मग स्टेरॉइडच्या गोळ्या खाव्या लागतात.

मागच्या थंडीत अशाच गोळ्या झाल्यावर तिची उजवी कूस जळायला लागली. खोकून बरगडी दुखावली असेल म्हणून मी शेकलं. दुसऱ्या दिवशी पाठ चोळताना फोड दिसले, पाठीपासून पुढे छातीकडे गेलेला पट्टा.

"अक्का, गेरू कालवा," ती म्हणाली.

"आधी डॉक्टर."

"गेरू लावल्याशिवाय मी रिक्षात बसणार नाही."

"मग बस इथंच. नागिणीच्या आधी कफच तुला गाठेल."

मी उगाच बोलले नव्हते. कुशीतल्या आगीमुळे तिला खोकता येत नव्हतं. आमच्यासारख्या छातीत कफ साठला की काय होतं ते मी पाहिलंय. माझा नवरा तसाच गेला.

ती हटेना. सगळा लेप दिला तर डॉक्टरला खाली काय दिसणार? मी गेरू कालवला आणि फोड सोडून कोऱ्या कातडीवर दोन रेघा ओढल्या, एक पाठीच्या कण्यावर, एक पुढे छातीच्या मधोमध.

"दोन्ही दारं बंद केली. ऊठ."

डॉक्टर तरुण बाई. रेघा बघून म्हणाली, "हे काय?"

"कुंपण," मी म्हटलं.

ती हसली. म्हणाली, नागीण सहसा अंगाची मधली रेघ ओलांडतच नाही.

"बघा अक्का, अडली की नाही!" जाऊ म्हणाली.

डॉक्टरने नागिणीच्या गोळ्या लगेच सुरू केल्या. लवकर आणलं हे बरं झालं, म्हणाली. लहानपणच्या कांजिण्यांचं विष अंगात झोपलेलं असतं. वय, अशी छाती, वर स्टेरॉइड, मग ते उठतं. दुखणं कमी व्हायला वेगळं औषध दिलं आणि मला बजावलं, हिला खोकायला लावा. मग म्हणाली, "तुमचीही छाती तशीच. नागिणीची लस घेऊन टाका."

घरी मी तिच्या कुशीला उशी दाबून धरायची. "खोक."

"नाही."

"भांडताना आवाज बरा निघतो तुझा. खोक!"

मला शिव्या देत ती खोकली. कफ सुटला. शिव्या मी मोजल्या नाहीत.

फोड वाळले. त्या बाजूला पोलक्याचं कापड तिला अजून सहन होत नाही. मी लस घेतली, दंड दुखला, मग थांबला.

लोक अजून गेरूला येतात. मी आधी डॉक्टरच्या गोळ्या दाखवायला सांगते. नसतील तर दवाखान्याची वाट दाखवते. असतील तर कोऱ्या कातडीवर दोन रेघा ओढून देते. लेप बंद. कुणी कुरकुरलं की आतून जाऊ ओरडते, "रेघच पुरते हो, माझी तिथंच अडली!"

मी तिला ओरडू देते. गोळ्या मात्र बघून घेते.