मुक्या पिक्चरला आवाज

नाताळची दुपार. करंज्यांचा शेवटचा घाणा काढून मी जरा पाठ टेकलीय. डोळा लागतो न लागतो, तोच ओट्यापाशी कुणीतरी खाकरतं.

शांतवनकाका. जाऊन दोन वर्षं झाली, पण मफलर तोच.

"मार्थे, एक करंजी फुटलीय. सारण फार भरतेस."

"फुटली म्हणून तुम्हाला मिळतेय. बसा."

आमच्या जालन्याच्या मिशन कंपाउंडात नाताळच्या संध्याकाळी सगळे मिळून एखादा इंग्रजी पिक्चर लावतात. टीव्हीचा आवाज बंद, आणि शेजारी उभे राहून काका मराठीत बोलायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पडद्यावरचा गोरा स्टेशनमास्तर आमच्या शेजारच्या बेंजामिनमामांसारखा गुडघ्यांवरून कण्हायचा, मडम नळावरून भांडायची. बर्फ म्हणजे जिनिंग मिलमधून उडालेला कापूस. ज्याची नक्कल व्हायची तोच सर्वांत मोठ्यानं हसायचा. हे कोडं मला कधी सुटलं नाही.

काका गेले आणि रत्नाकाकूंनी नाताळला दार लावून घ्यायला सुरुवात केली. आज सकाळी मात्र म्हणाल्या, "कुणी बोलणार असेल तर येते." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझी जीभ प्रसिद्ध आहे. फरक एवढाच, की मी नक्कल केली की माणसं आठवडाभर अबोला धरतात.

"म्हणून तर आलो," काका म्हणतात. आम्ही एसटीत बसलोय. ड्रायव्हर नाही. समोरच्या काचेवर पिक्चर चाललाय: निळ्या कोटातली एक बाई बर्फातून पेटी ओढतेय.

"बोल."

"ती काय म्हणतेय ते कळत नाही."

"मला तरी कधी कळलं? कुणासारखी चालते ते बघ."

बघते. दळणाचा डबा कमरेवर घेतलेल्या आमच्या कंपाउंडातल्या सुमतीबाई! मी लगेच त्यांचा आवाज लावते, "मेलं हे गाव, एक रिक्षा नाही! आणि घरी जाऊन तरी काय, सुनेचं फुगलेलं तोंडच बघायचं ना?"

काका हसत नाहीत.

"झालं? बाईला रस्त्यातच सोडलीस?"

"मग काय करू?"

"टोमणा मार, पण घरी पोचव. चहा पाज. बेंजामिनच्या गुडघ्यांची मी इतकी टर उडवली, पण शेवटी त्याला घोडागाडीतून घरी पोचवलाच की नाही?"

एसटीचं बाक आता चर्चचं आहे. वरून कापूस पडतोय, उबदार. मी सुमतीबाईंना दारापर्यंत नेते. सून दार उघडते, मी तिच्या आवाजात बोलते, "या आई. तुमच्याशिवाय केक कापला असता तर वर्षभर ऐकवलं असतं तुम्ही." काका मांडीवर थाप मारून हसतात, ठसका लागेपर्यंत.

"आणि काकूंना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. तिची नक्कल कर. माझी छाती नाही झाली कधी."

"का हो?"

"मला रात्री त्याच घरी जायचं असायचं ना!"

काचेवर नवीनच घर उजळतं. उंबऱ्यावर कपाळाला आठ्या घातलेली म्हातारी, पायरीवर भिजलेलं कुत्रं. मी कमरेवर हात ठेवते, रत्नाकाकूंचा आवाज लावते, "ए कुत्र्या, फरशी आत्ताच पुसलीय हं! पाय पुसल्याशिवाय आत आलास तर..."

"मार्था. अगं ए."

पलंगाच्या कडेला आमचे हे बसलेत. कुठलाही पिक्चर असो, सुरुवातीची नावं संपायच्या आत घोरायला लागणारा माणूस. बोलायला जाते तर माझा घसा पार बसलाय, तासभर भाषण ठोकल्यासारखा.

"रत्नाकाकूंसारखंच बोलत होतीस," हे म्हणतात. "हुबेहूब. मग? ती घेते का त्या कुत्र्याला घरात?"

"संध्याकाळी या," मी घोगऱ्या आवाजात सांगते. "आणि येता येता काकूंच्या दाराची कडी वाजवा."