आठ नियॉन आणि एक चिलापी

मला मासा आवडतो तो कालवणातला. माझं माहेर पळसदेव, उजनीच्या पाण्याकाठी. भाऊ पहाटे जाळं घेऊन जायचा आणि आम्ही शाळेतून यायच्या आत आई चिलापी तळून ठेवायची. पण सासर मिळालं अंथुर्ण्यात, आणि सासूबाई माळकरी. लग्नाला आठवडा झाला नव्हता तेव्हाच त्यांनी मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "तुमच्याकडं काय बी खात असतील. ह्या घरात मासा शिजायचा न्हाय." अठरा वर्षं शिजला नाही. नवऱ्याने एकदोनदा बाहेर खाऊन ये म्हणून सुचवलं, तेही मी केलं नाही. शब्द दिला होता.

तर अशा माझ्या सासूबाई गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बारामतीला धाकट्या जावेच्या फ्लॅटवर गेल्या, आणि तिथं माशांच्याच नादाला लागल्या. काचेतल्या माशांच्या! मला राग येणार नाही तर काय होईल?

जाऊ वाईट नाही, हे आधीच सांगते. तीच तर अडचण आहे. वाईट असती तर निवांत भांडले असते. शहरात वाढलेली, नोकरी करणारी, आवाज कधी चढत नाही. वर्षातून चार दिवस सणाला गावी यायची आणि त्या चार दिवसांत सासूबाई तिला "पोरी, बस गं जरा, दमली असशील" म्हणायच्या. मला आवाज द्यायचा असला की "आगं ए". अठरा वर्षांत मी काही पोरी झाले नाही.

ऑपरेशन झालं, डोळ्यावर काळा चष्मा आला आणि डॉक्टरांनी महिनाभर धूळ-धूर टाळा म्हणून सांगितलं. आमच्याकडे ऊस, गुरं, चूल; म्हणून राहणं बारामतीला. तिसऱ्या मजल्यावर सासूबाईंना करमेना. जावेने मग डोकं चालवलं. हॉलमध्ये माशांची टाकी ठेवू म्हणाली, आईंचा वेळ जाईल. मी त्या दिवशी ज्वारीचं पीठ, शेंगा आणि तूप घेऊन नेमकी तिथं पोचले होते. "ताई, चला ना माझ्याबरोबर दुकानात, तुम्हाला माशांतलं कळतं," असं म्हणाली. कळतं म्हणे! मला कळतं ते कुठल्या माशाला काटे जास्त.

दुकान लहान होतं, भिंतीभर टाक्या बुडबुडत होत्या. दुकानदार चाचा जुम्म्याची नमाज आटपून नुकतेच शटर उघडत होते. जावेने काचेला बोट लावलं आणि लहान पोरीसारखी सुरू झाली, हे निळे-लाल नियॉन हवेत, ते झुपकेदार शेपटीचे गप्पी हवेत, ते पट्ट्यापट्ट्यांचे पण हवेत.

चाचांनी विचारलं, "टाकी केवढी हाय?"

"दोन फुटी."

"मग पट्ट्यावाले न्हाय चालायचे. टायगर बार्ब हायत ते, दुसऱ्याच्या शेपट्या कुरतडतात. तुमच्या गप्पीला शेपूट राहायची न्हाय."

गोल्डफिशला ते नाही म्हणाले, घाण फार करतो, त्याला मोठी जागा लागते. एंजल दाखवला तर हसले. "आता बटणाएवढा दिसतोय. मोठा झाला की नियॉन गिळतोय." काळ्या मॉलीचंही जमेना, तिला जड पाणी मानवतं आणि नियॉनला हलकं, दोघांपैकी एकाचे हाल होणार. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या कानात अजून आहे. "ताई, मासा घेताना रंग मागनं बघायचा, आधी तोंड बघायचं. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, तो त्याला खातोच. आज न्हाय तर दोन महिन्यानं."

जाऊ सगळं मोबाईलवर लिहून घेत होती. मी पिठाची पिशवी हातात धरून दाराशी उभी होते, कंटाळल्यासारखी. पण एक शब्द विसरले नाही. शेवटी आठ नियॉन आणि चार गप्पी ठरले, गप्पीत फक्त नर, नाहीतर पिल्लांनी टाकी भरते. पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग ओतायचं, खायला चिमूटभरच टाकायचं, आणि कणीक, पोळी, भात काहीही टाकायचं नाही. हे शेवटचं चाचांनी दोनदा सांगितलं.

महिना संपला. चष्मा गेला. सासूबाई आल्या नाहीत.

"राहू दे की आठ दिवस आणखी," नवरा म्हणाला. आठाचे पंधरा झाले. गावात बाया विचारायला लागल्या. "काय गं, सासू धाकटीकडंच ऱ्हायली व्हय?" विचारणारीच्या डोळ्यांत काय असतं ते मला कळतं. सून नीट बघत नसेल, असंच ना? त्यांचं अंथरूण मी रोज झटकून ठेवत होते. सकाळी दोन कप चहा टाकायची सवय जाईना, उरलेला कप मी उभ्या उभ्या पिऊन टाकायची. नवरा एकदा म्हणाला, "आई न्हाय हितं, आणू का चिलापी?" मी त्याला असं काही बोलले की तो जेवणाचं ताट घेऊन ओसरीवर गेला.

बारामतीला बघायला गेले तर सासूबाई खुर्ची टाकीला लावून बसलेल्या. नवीन डोळ्यांनी निळ्या-लाल नियॉनचा थवा बघत होत्या. "आगं ए, बघ की हितं. कसं सगळं मिळून फिरत्यात." मी अठरा वर्षं ज्यांच्यासाठी मासा सोडला, त्या मला मासा दाखवत होत्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "आई, घरी कधी यायचं?" त्या म्हणाल्या, "येते की. हितं जिवाला बरं वाटतंय."

एकच गोष्ट त्यांना टोचत होती. नीरा-नरसिंहपूरला गेलं की संगमावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या, ही त्यांची जन्माची सवय. घरात मासे आहेत आणि गोळी टाकता येत नाही, याचं त्यांना फार वाटायचं. एकदा टाकली होती. पाणी दुधासारखं झालं आणि जावेला अर्धा दिवस टाकी धुवावी लागली. तेव्हापासून तिने हात जोडून सांगितलं होतं, आई, गोळी नको. "हे मासं असून नसल्यासारखं," सासूबाई मला हळूच म्हणाल्या. "हातचं खाईनात." ही तक्रार मी गुळासारखी चघळत घरी आले.

मे महिन्यात माहेरी गेले. उजनीचं पाणी खूप खाली गेलं होतं, धरणात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं, त्याच्या पायऱ्यांशी डबकी राहिली होती आणि त्या डबक्यांत चिलापीची पिल्लं वळवळत होती. नखाएवढी, चंदेरी, पाठीवरच्या पंखावर एक काळा ठिपका. मी पदर खोचून डबक्यात उतरले आणि ओंजळीत दोन धरली. वहिनी काठावरून हसली, "वन्सं, एवढ्याचं काय कालवण करतीस?"

मी काय करत होते ते मला चांगलं माहीत होतं. आजही चुकून झालं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. चिलापी किती वाढते, लहान माशांचं काय करते, हे पळसदेवच्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या डोक्यात साधा हिशेब होता. नियॉन संपले की टाकी ओस पडेल, टाकी ओस पडली की आई घरी येतील.

भिगवणमार्गे बारामतीला जाताना एसटीत एक पिल्लू मेलं. दुसरं बरणीत टुणटुणीत. जावेला म्हटलं, "आमच्याकडचा मासा आहे. आईंसाठी आणला."

तिने बरणी उजेडात धरली. "किती गोड आहे ओ ताई! वाढत नाही ना फार?"

"नाही गं. एवढाच राहतो."

तिने आधी त्याचं तोंड बघितलं, मी पाहत होते. चाचांनी शिकवलं तसंच बघितलं. तोंड तेव्हा लहानच होतं. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि विश्वास ठेवला.

आषाढात फोन सुरू झाले. "ताई, गप्पीच्या शेपट्या फाटल्यासारख्या दिसतायत." मी म्हटलं, पाणी बदल. "ताई, आज सहाच नियॉन मोजले." मी म्हटलं, झाडामागे लपले असतील. "ताई, पाच." माझ्या हातात उलथनं, तव्यावर भाकरी, आणि छातीत थंडगार वाटत होतं. हो, बरं वाटत होतं. लपवत नाही. फोन ठेवल्यावर मात्र भाकरी करपलेली असायची.

मग फोन थांबले. मला वाटलं, झालं काम. पंचमी गेली, गणपती गेले, तरी आई येईनात. दसऱ्याआधी घर सारवायला काढलं आणि मी ठरवलं, आता घेऊनच यायचं.

दार शेजारच्या काकूंनी उघडलं. त्या सासूबाईंशी गप्पा मारायला आल्या होत्या. टाकीत नियॉन नाहीत, गप्पी नाहीत. एकच मासा, तळहाताएवढा, करडा, पट्टे उमटलेला. सासूबाईंच्या मांडीवर वाटी, वाटीत कणीक. त्यांनी गोळी वळून बोटांत धरली आणि चिलापीने पाण्याबाहेर तोंड काढून ती अलगद घेतली. गोळीचा कण खाली पडला नाही.

"वळखतोय मला," सासूबाई काकूंना म्हणाल्या. "मी खुर्चीत बसले की काचंला येतोय. माझ्या थोरल्या पोरीनं दिलाय. माझ्यासाठी पार तिच्या म्हायेरनं आणलाय."

पोरी. अठरा वर्षांनी. मी दारातच उभी होते, पायातली चप्पल काढायची राहून गेली.

स्वयंपाकघरात जाऊ चहा टाकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, मला श्रावणातच कळलं. फोटो घेऊन दुकानात गेले होते. चाचा म्हणाले, ही उजनीची चिलापी, कुणी दिली?"

मी विचारलं, "मग?"

"मी म्हटलं, मीच आणली. राहिलेले मासे त्यांना परत देऊन टाकले. तोवर आईंनी याला गोळी खाऊ घातली होती, काढणार कसा?" तिने चहा गाळला. "आईंना काही सांगितलेलं नाही. कधी सांगणारही नाही."

का दिलीस, असं तिने विचारलं नाही. मी वाट बघत होते. विचारलं असतं तर मी काहीतरी तोंडावर मारलं असतं, अठरा वर्षांचं सगळं बाहेर काढलं असतं. तिने फक्त कप पुढे केला. त्यात साखर माझ्या मापाची होती.

सासूबाई यायला तयार झाल्या, पण मासा सोडून नाही. जावेनेच बादली आणली, टाकीतलंच पाणी भरलं, जाळीने मासा अलगद त्यात सोडला. "घेऊन जा ताई. दोन फुटांत त्याला आता जागा पुरत नाही. तुमच्याकडे हौद आहे." जीपमध्ये बादली माझ्या मांडीवर होती आणि पाणी साडीवर हिंदकळत होतं. मागे तिच्या हॉलमध्ये रिकाम्या टाकीत नुसता पंप चालू होता. तो बंद करायचं तिला सुचलं नव्हतं.

आता चिलापी आमच्या हौदात आहे. सासूबाई रोज सकाळी काठावर बसतात, कणीक मी मळून देते. परवा गल्लीतली एक म्हातारी विचारत होती, "कुठनं आणला गं मासा?"

सासूबाई म्हणाल्या, "धाकटीनं दिला. तिची टाकी मोकळी पडली बघ, पर माझ्यासाठी दिला पोरीनं. लई मोठं मन."

मी हातात कणकेची वाटी घेऊन मागेच उभी होते. जळले, पुन्हा जळले, तशीच अंगभर. पण या वेळी आई चुकीचं बोलतायत, एवढंसुद्धा मला मनात म्हणता येईना.