फवारेमामांच्या हातून सुटलेला डबा

दोन वस्त्या मागे पडल्या होत्या, तिसरी अजून टेकडीपलीकडे होती. ओढा वळणं घेत जातो आणि पायवाट सरळ चढते, पाण्याआधी पोचण्याचा तेवढाच काय तो भरवसा. फवारेमामा पुढे, भाची मागे. तिच्या ओठांवर देवाचं नाव होतं.

मामा तिन्ही वस्त्यांची पिकं फवारून देत, म्हणून हे नाव पडलेलं. बावीस वर्षं त्यांनी ओढ्यापासून शंभर पावलं दूर बसून औषध कालवलं, पंपही तिथेच धुतला. कुणी काठाशी धुताना दिसला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पण वर्षभरापासून त्यांचे हात थरथरत होते. लोकांना कळलं तर काम कोण देणार, म्हणून ते हात खिशात कोंबून हिंडत. आज भरलेली बादली दूर नेववेना, म्हणून पहिल्यांदाच औषधाचा डबा काठावर आणला. बूच काढताना हात हलला आणि अख्खा डबा ओढ्यात गेला. शेजारच्या वाफ्यात खुरपणाऱ्या भाचीने ते पाहिलं.

पहिल्या वस्तीवर मामांनी सांगितलं, पाणी बिघडलंय, कुणी पिऊ नका, गुरं सोडू नका. कसं बिघडलं, ते गिळलं. दुसऱ्या वस्तीवरही तेच. तिथे एका म्हातारीने टोमणा मारला, आज पाठीवर पंप नाही तो, बायकोने काढून घेतला का? मामा हसले. ते हसू बघून भाचीलाच रडू फुटलं.

तिसऱ्या वस्तीवर मामांची लेक दिलेली. शाळा सुटली की नात डोहावर यायची. शाळा केव्हाच सुटली होती.

दोघं टेकडी उतरून डोहाशी आले. काठावर दप्तर पडलेलं. नात गुडघाभर पाण्यात, ओंजळ तोंडाशी नेलेली. मामांनी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. भाची किंचाळली. पोरीने दचकून ओंजळ सांडली आणि बाहेर पळाली. वरच्या वळणावरून दोन मासे पोट वर करून वाहत येत होते.

लोक धावत आले. काय झालं, कुणी केलं, विचारू लागले. मामा मटकन खाली बसले. हात खिशाबाहेर होते, चारचौघांत थरथरत.

"पोरी, माझ्या तोंडून निघत नाही. तूच सांग," ते म्हणाले. "पण कुणाचा तरी डबा पडला असं म्हणू नकोस. माझा म्हण. आणि मागच्या दोन्ही वस्त्यांवर आजच जाऊन तसंच सांग."